पेशव्यांचे पुणे सगळे दाखवतात, मुक्ताचे कोण दाखवणार?

आमचे एक मित्र जोडपे नोकरीनिमित्त जर्मनीत असते. जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा ते तीन दिवस न्यूरेंबर्ग फिरून आले आणि फोटो पाठवले. किल्ला, तटबंदी, लाकडी पट्ट्यांची जुनी घरे; अपेक्षित तेच. नवल वाटले ते पुढच्या फोटोंचे. नाझी पक्षाचे मेळावे जिथे भरत, त्या मैदानाकडेच्या अर्धवट सभागृहात 2001 पासून संग्रहालय आहे. 1945-46 मध्ये नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला ते न्यायालयाचे 600 क्रमांकाचे दालनही पाहता येते. ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी घालणारे 1935 चे कायदे याच शहरात जाहीर झाले, आणि आज याच शहरातल्या एका रस्त्यावर मानवी हक्कांची कलमे खांबांवर कोरलेली आहेत. शहराने आपली लाज तिकीट लावून दाखवायला ठेवली आहे!

जर्मनांची आरती ओवाळायची नाही. युद्ध हरले म्हणून त्यांना हे करावे लागले. त्या सभागृहाचा अनेक वर्षे गोदामासारखा वापर झाला, मैदानाच्या परिसरात मोटारींच्या शर्यती झाल्या. पण हरली तर पेशवाईसुद्धा होती, 1818 मध्ये. मग पुण्याच्या आठवणीत ती अजून जिंकलेली कशी?

2025 साली 11 एप्रिलची फुले जयंती शुक्रवारी आणि भीमजयंती सोमवारी आली. शुक्रवारची रजा टाकली आणि ठरवले, चार दिवस आपलेच शहर पर्यटकासारखे पाहायचे. पैसे भरून एका हेरिटेज वॉकलाही गेलो. शनिवारवाड्याच्या दरवाजावरचे खिळे, नारायणरावांचा खून, 1828 ची आग, सगळे रंगवून सांगितले गेले. दगडूशेठ गणपतीसमोर सगळ्यांनी हात जोडले. समोरच भिडे वाड्याची जागा. 1848 मध्ये जोतीराव-सावित्रीमाईंनी मुलींची शाळा तिथे काढली. राष्ट्रीय स्मारकासाठी जुनी वास्तू डिसेंबर 2023 मध्ये पाडली गेली. त्यावर एक शब्द नाही. आम्ही विचारले, अस्पृश्यांना याच शहरात गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये लिहिले आहे, ते कुठे सांगणार? गाईड हसून म्हणाला, "सर, तो विषय वेगळा आहे."

विषय वेगळा नाही, वाडा तोच आहे.

फुलेवाड्यात मात्र शुक्रवारी पाय ठेवायला जागा नव्हती. 1868 मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांना खुला केलेला तो हौद पाहायला लोक रांगेने येत होते, लेकरे कडेवर घेऊन. त्यांना कोणी गाईड लागला नाही.

शनिवारी पहाटे पर्वती चढलो. व्यायामाला येणारे, फोटो काढणारे, भेळवाले. 13 ऑक्टोबर 1929 रोजी शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या पुढाकाराने अस्पृश्यांचा मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह इथे सुरू झाला, सत्याग्रहींवर दगड पडले. वर भेटलेल्या सात-आठ जणांना आम्ही याबद्दल विचारले. एकालाही माहीत नव्हते, आणि त्यातल्या दोघांच्या दंडावर बाबासाहेबांची सही गोंदलेली होती. दोष फक्त गाईडला कशाला द्यायचा?

आता घरचे बोलतो. आम्हा नवरा-बायकोत बायको बौद्ध घरातली, नवरा मातंग घरातला. लग्नाला विरोध दोन्हीकडून झाला, आणि चळवळीतल्या लोकांनीही केला. न्यूरेंबर्गला त्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे मामा आणि आत्या पुरतात. जातीबाहेर लग्न न होणे हाच जातीचा प्राण, हे बाबासाहेबांनी कोलंबियात 1916 मध्ये मांडले. एमएला आम्ही त्यावर पंधरा मार्कांचे उत्तर लिहिले होते. घरी त्याचा उपयोग शून्य. एक जानेवारी आमची आणि मुक्ता साळवे त्यांची, अशी जी वाटणी आपण करून घेतली आहे, ती कोणाच्या फायद्याची?

मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकली. 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू होत असे, असे ती लिहिते. दोन्ही जातींची नावे एका दमात. गुलटेकडी म्हणजे आजचे मार्केट यार्ड. आमच्या सासूबाईंनी तिथे सव्वीस वर्षे कांदा निवडला.

रविवारी त्यांना घेऊन तिथेच गेलो आणि गेटजवळच्या चहाच्या टपरीवर मोबाईलवरून तो निबंध वाचून दाखवला. आईंनी चहा खाली ठेवला. "पोरगी केवढी होती?" आम्ही सांगितले, चौदा-एक वर्षांची. "आणि हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नाही," एवढेच बोलल्या.

येत्या 13 ऑक्टोबरला सकाळी आम्ही गुलटेकडीहून पर्वतीपर्यंत चालत जाणार आहोत. निबंधाच्या झेरॉक्स काढल्या आहेत. आईंनी त्यांच्या निवडणीच्या बायकांना आधीच सांगून ठेवले आहे.