बिल्ल्यावरची बंदी

पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत पाहावे. फेटिया-कांचळी घातलेली, आरशांची ओढणी डोक्यावर घेतलेली आजी आणि तिच्या हाताला धरून पंजाबी ड्रेसमधली नात. एकाच तांड्यातल्या. या आजीला कॉलेजच्या फाटकावर शिपाई आत सोडील काय, असा प्रश्न चेंबूरच्या प्रकरणापासून आम्हाला पडतो.

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने २०२४ साली बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला यांना मनाई केली. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी याचिका फेटाळली गेली. पोशाखावरून धर्म कळू नये, अभ्यासात लक्ष राहावे, हा नियमाचा हेतू न्यायालयाला मान्य झाला. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्टला हिजाब, टोपी व बिल्ल्यापुरती अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, असे सांगितले. नावावरून धर्म कळत नाही काय, टिकलीलाही मनाई करणार काय, असे न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारले.

वाचकहो, नावाचे दुखणे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या मुलांना आडनाव विचारूनच जोखले जाते. आडनाव काढून ठेवता येत नाही. बिल्ला तेवढा काढायला लावता येतो. आणि बिल्ला म्हटले की आमच्या पोरांच्या खिशावर कोणाचे चित्र असते, हे सांगायला हवे काय?

शाळेच्या गणवेशाला आमचा विरोध नाही. त्यात गरिबाचे पोर झाकले जाते. पण अठरा वर्षांच्या, मतदान करणाऱ्या मुलीचे काय? पोशाख हा अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तीचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांच्या निकालात म्हटलेलेच आहे.

कोणी म्हणेल, १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनीही स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, गळ्याहातातले जड दागिने टाका, असे सांगितलेच ना? सांगितले. पण ती जातीची खूण पुसण्याची हाक होती. ऐकले नाही म्हणून कोणाला दाराबाहेर ठेवले नव्हते.

हे सारे लिहून आम्ही मुलीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत जीन्स नको, पांढरी साडीच नेस, असं तुम्हीच म्हणाला होता."

साडी तिने नेसली नव्हती. आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.