वैराग्याचा भार कोणावर?

विठ्ठलवाडीपासून उल्हासनगरपर्यंत मंदिर, सिंधी दरबार, गुरुद्वारा, चर्च एकमेकांच्या शेजाराने नांदतात. प्रत्येक ठिकाणी निष्ठेने राबणारी माणसे असतात, तशी पदाला चिकटून बसलेलीही असतात. पैसा सोडणारा भेटतो. मान सोडणारा विरळा. म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून द्यावीशी वाटते.

टिळकांनी दोनदा मोठा त्याग केला. 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा जात-गोत सुटले, काही वर्षे संसारही दुरावला. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक आणि कवी म्हणून ख्रिस्ती समाजाने त्यांना डोक्यावर घेतले. तरीही 1917 मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात राहिले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पहिल्या वेळी सुटले ते जन्माने मिळालेले. दुसऱ्या वेळी सोडले ते स्वतः कमावलेले, म्हणून हा त्याग अधिक अवघड. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या मागे जायचे, तर स्वधर्मात लाभलेल्या उच्चासनावरूनही खाली उतरावे लागते.

मात्र टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचल्यावर या वैराग्याची दुसरी बाजू कळते. हाती येईल ते देऊन टाकणाऱ्या माणसाचे घर चालवायचे ओझे त्यांच्यावर पडले. तो त्याग त्यांचाही होता. 1919 मध्ये टिळक गेले आणि ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले. त्याचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. 1936 मध्ये त्याही गेल्या. काव्याचा शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. आपल्या हातून सुरू झालेले काम दुसऱ्याच्या हातून पुरे होते, हे मनापासून मान्य करणे हीच नम्रता.

तेव्हा चर्चची समिती असो वा मंदिराचे विश्वस्त मंडळ, ज्येष्ठांनी हातपाय धड असतानाच जागा पुढच्यांना द्यावी आणि नंतर कारभारात ढवळाढवळ करू नये. देवाच्या कामासाठी घराबाहेर राहणाऱ्यांनी मागे चूल कोण पेटती ठेवते याची जाण ठेवावी आणि तो भार स्वतःही उचलावा. दुसऱ्याच्या कष्टांवर उभे राहिलेले वैराग्य त्या कष्टांचे ऋण मानत नसेल, तर ते अपुरेच म्हटले पाहिजे.