‘मेंटल केस’ म्हणून साखर तपासायची नाही?



गेल्या पावसाळ्यात आमच्या बंगळूर शाखेच्या कचेरीत एक खलाशी बंधू येऊन बसला. मूळचा बेळगावकडचा. त्याच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे. निम्हान्सच्या गोळ्यांनी बाई सावरली, कानात आवाज येणे थांबले, स्वयंपाकपाणी पाहू लागली. पण वर्षभरात अंग सुटले, सारखी तहान, रात्री चारचारदा उठणे. दवाखान्यात नेले, तर डॉक्टरसाहेबांनी केसपेपरवरची जुनी नोंद वाचली आणि म्हणाले, “मेंटल केस आहे, तिकडेच दाखवा.” तीन वेळा हेच उत्तर. चौथ्या वेळी पायाची जखम चिघळलेली होती. तेव्हा कुठे साखर तपासली आणि मधुमेह निघाला. अंगठा कापावा लागला.

दवाखान्याचे नाव आम्ही इथे छापत नाही. लेखी तक्रार दिली आहे. पण विचारतो, बोटातून रक्ताचा एक थेंब काढायला किती वेळ लागतो?

रुग्ण सांगतो तो भ्रम असेल, असे म्हणतात. असेल! पण रक्तातली साखर भ्रम नसते. ओलान्झापिन, क्लोझापिन या औषधांनी वजन, साखर आणि रक्तातली चरबी वाढू शकते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. क्लोझापिन घेणाऱ्याचे रक्त ठरल्या वेळी तपासावेच लागते. त्याचे बद्धकोष्ठही हसण्यावारी नेऊ नये, आतडे अडकून जीव जाऊ शकतो. म्हणून गोळ्या मनाने बंद करणे हा उपाय नव्हे, बंधूंनो, आजार उलटतो. उपाय आहे तपासणीचा. औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग निदान दरवर्षी वजन, कंबर, रक्तदाब, साखर, चरबी पाहायची. वर विडी-तंबाखू सोडवायला मदत करायची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मनोविकाराचे रुग्ण इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे आधी मरतात, आणि बहुतेक टाळता येण्याजोग्या शारीरिक रोगांनी.

याच कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात, 1980 च्या दशकात निम्हान्सने प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना मनोविकारांवर उपचार करायला शिकवले. त्याच धर्तीवर 1996 मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. साधा डॉक्टर मनाचा रोग सांभाळू शकतो, मग मनाच्या रोग्याचा मधुमेह त्याला का झेपत नाही?

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 21 स्पष्ट आहे : सर्व आरोग्यसेवांत या रुग्णांना शारीरिक आजाराच्या रुग्णांसारखीच वागणूक. कायदा 2018 पासून लागू आहे. दवाखान्याच्या दारात तो कधी पोचणार?

आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. पीएनएमच्या बैठकीत क्वार्टरच्या गळक्या छपरावर तासतासभर भांडलो, हा विषय एकदाही काढला नाही. चहाच्या टपरीवर ‘अमक्याचे डोके फिरले’ म्हणून हसणारेही आपलेच. कामगार आजार लपवतो तो नोकरीच्या भीतीने. वास्तविक 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही, आणि मनोविकारातून येणारे दिव्यांगत्व त्यात धरले आहे. हे आम्ही किती जणांना सांगितले?

पुढच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत वार्षिक तपासणीची मागणी घातली आहे. डाक खात्यातील साथींनी ती सीजीएचएसपुढे मांडावी. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी केसपेपरच्या प्रती घेऊन शाखेत यावे. नाव बाहेर जाणार नाही. तो खलाशी बंधू मात्र स्वतः बैठकीला येऊन बोलणार आहे. पत्नीला विचारूनच त्याने होकार दिला.