शेळ्यांना थंडीपेक्षा कोंडी वाईट

थंडी पडली की आपल्याकडं शेळ्यांच्या शेडला गोणपाटं लागतात. खताची रिकामी पोती, फाटकी ताडपत्री, हाताला येईल ते. एक फट म्हणून राहू देत नाहीत. हेतू चांगलाच आहे. पण शेतकरी बंधूंनो, तेच शेड पहाटे उघडून पाहा. दार लोटताच नाकात झिणझिण्या येतात, डोळ्याला पाणी सुटतं. आपण दोन मिनिटांत बाहेर येतो. शेळीनं मात्र तीच हवा रात्रभर ओढलेली असते.

हा वास अमोनियाचा. मुतातल्या युरियापासून जिवाणू हा वायू तयार करतात. श्वासनलिकेत जी बारीक लव असते, ती धूळ आणि जंतू बाहेर ढकलते. अमोनियानं तीच निकामी होते, जंतू थेट फुफ्फुसात उतरतात. मग करडं खोकतात, नाक गळतं, दूध सोडतात. आपण म्हणतो, थंडी बाधली.

खरं तर कोंडलेलं शेड उबदारही राहत नाही. जनावरांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागते, तिचं पाणी होऊन खाली ठिबकतं. जमीन ओली, अंग ओलं. ओल्या अंगाला गारठा जास्त झोंबतो, हे काय सांगायला पाहिजे?

पूर्वी पऱ्हाटीचा कुड असायचा, वर गवताचं छप्पर. वाऱ्याचा जोर तुटायचा, हवा मात्र खेळती राहायची. आता विटा आणि पत्रे आले. 2021 च्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या नमुन्यात दहा शेळ्यांना साडेसात चौरस मीटर निवारा धरला आहे. हिशेब केला तर शेळीमागं आठ चौरस फूट. मोठ्या शेळीला दहा ते बारा फूट लागतात, असं आपण शेतकऱ्यांना सांगतो. अनुदान मिळतं ही मोठीच सोय आहे, पण मापानुसार चार भिंती उभ्या केल्या की काम संपलं असं समजू नका. भिंत तीन-चार फूट पक्की, वर जाळी, आणि आढ्याजवळ वाफ निघून जायला फट, एवढं गवंड्याला आधीच बजावून सांगा. परदेशात डुकरं बंदिस्त पाळतात, तिथं हवेसाठी मोठाले पंखे लावावे लागतात. पंखे बंद पडले तर काही तासांत जनावरं गुदमरून मरतात. आपल्याला वारं फुकट मिळतं, आणि तेच आपण पोत्यानं अडवतो!

मग थंडीचं काय? वाऱ्याच्या बाजूला पोतं खालून तीन फुटांपर्यंत बांधा, वरचा भाग मोकळा ठेवा. ऊब सगळ्या शेडला नको, लहान करडांना हवी. तुरकाट्यांचं डालगं, खाली कोरडा भुसा किंवा कडबा, बस्स. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक होतं.

एक चूक फार दिसते. वास आला की लोक ओल्या जागेवरच चुना मारतात. चुन्यानं अमोनिया दबत नाही, उलट जोरानं बाहेर पडतो. आधी लेंड्या, ओली माती खरडून काढा, जागा सुकू द्या, शेळ्या बाहेर असताना मग चुना.

आणि हो, जो वास नाकाला झोंबतो तो तुमच्या खताचा नत्र आहे. लेंडीखत कपाशीला, मक्याला घालायचं आणि त्यातला नत्र रोज हवेत सोडायचा, वर दुकानातून युरियाची गोणी आणायची, हा कुठला व्यवहार? उकिरड्यावर थराथरानं थोडं सुपर फॉस्फेट पसरा, नत्र बराचसा धरून राहतो.

उद्या पहाटे दार उघडण्याआधी आत जा आणि शेळीच्या नाकाच्या उंचीवर उकिडवे बसा. पाच मिनिटं बसवत नसेल तर दुपारच्या आत वरची पोती काढा.