नदीच्या गेटवर कोण तपासणार?

धाटावच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीच्या गेटवर हेल्मेट आणि सेफ्टी शूजशिवाय वॉचमन आत सोडत नाही. साहेब असला तरी नाही. आत टाकीत उतरायचं तर वर्क परमिट, उंचावर चढायचं तर कमरेला बेल्ट. दर ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ, ती वेगळीच. आता हीच सगळी मंडळी रविवारी ग्रुपने कुंडलिकेवर कयाक नाहीतर कॅनू वल्हवायला निघतात, तेव्हा शनिवारी रात्रीपर्यंत चर्चा कशाची चालते? चिकन कोण आणणार आणि स्पीकर कुणाचा घ्यायचा!

माझं म्हणणं एवढंच आहे की सहलीच्या सामानाची यादी लाइफ जॅकेटपासून सुरू व्हावी. आणि ज्याच्या मापाचं जॅकेट मिळालं नाही त्याने त्या दिवशी काठावर बसून भजी खावीत. यात तडजोड नाही.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "अरे, पैसे भरलेत ना, तिथे देतात की जॅकेट." देतात. पण कुठलं देतात? बक्कल तुटलेलं? की नव्वद किलोच्या माणसाचं जॅकेट दहा वर्षांच्या पोराला? किती माणसं, कुणाचं वजन किती, हे आदल्या दिवशीच फोन करून सांगायला काय जातं? काठावर जॅकेट घालून पट्टे आवळायचे आणि दुसऱ्याने ते खांद्यापाशी धरून वर ओढायचं. कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. पाण्यात माणसाला तरंगत ठेवायला चार-पाच किलोचा उचलच पुरतो, पण तो अंगावर पाहिजे. बुडाखाली घेऊन बसलात तर ती नुसती उशी.

दुसरं उत्तर म्हणजे, "आम्ही पट्टीचे पोहणारे." कुठे पोहलात? विहिरीत. विहिरीतलं पाणी जागेवर असतं हो! होडी उलटली, डोकं दगडावर आपटलं, की पट्टीचा आणि बिनपट्टीचा सारखेच.

त्यातून कुंडलिका ही साधी नदी नाही. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजघरातून खाली येतं आणि नदीत सुटतं. म्हणून तर ऐन मे महिन्यात कोलाडला राफ्टिंग चालतं. थोडक्यात, आपल्या नदीला पाणी किती वाजता येणार हे पावसाळा सोडला तर आभाळ नाही, वीजघर ठरवतं. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेल्या जागी थोड्या वेळाने काय असेल, हे त्या रोजच्या वेळा माहीत असलेल्या माणसाला आधी विचारायचं. डोलवहालच्या बंधाऱ्याजवळ तर होडी नेऊच नये. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली जागच्या जागी घुसळतं आणि माणसाला पुन्हापुन्हा आत ओढतं. (धाटावच्या खाली खाडीकडे होडी घालायची इच्छाच होत नाही, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

तिसरं उत्तर फार आवडीचं. "इथले कोळी, कातकरी कुठे जॅकेट घालतात?" त्यांना पाण्यातला दगडन् दगड माहीत असतो. ते ओळख जन्मभराची, एका दिवसाच्या भाड्यात मिळत नाही. आणि त्यांच्याकडे जॅकेट नसतं ते पैशापायी. त्यांच्या अडचणीला आपण आपली फुशारकी करायची?

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा जण गेले. त्यानंतर तिथल्या बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. नियम आला, पण कधी? माणसं गेल्यावर.

जॅकेटनंतर यादीत काय? गळ्यात शिट्टी. मागे पट्टा असलेल्या चपला, कारण स्लीपर पहिल्या दगडापाशी वाहून जाते. जीन्स नको, भिजली की पाय जड होतात. एक जादा वल्हं. फेकायला पंधरा-वीस मीटर दोर, पण तो स्वतःच्या कमरेला बांधायचा नाही. पाणी, ओआरएस, टोपी, कोरडे कपडे. मोबाइल घट्ट झाकणाच्या डब्यात. सगळ्यांची नावं लिहिलेला कागद काठावरच्या माणसाकडे, त्याला ११२ आणि १०८ पाठ. पाण्यात पडलात तर वाहत्या धारेत उभं राहायचं नाही, पाय पुढे करून पाठीवर तरंगायचं, हे निघण्यापूर्वी सर्वांना सांगायचं. बाटली निघालीच तर ती पाण्यातून परत आल्यावर. चिकन सर्वात शेवटी, त्याला माझा विरोध नाही!

कंपनीत हे सगळं तपासायला सेफ्टी ऑफिसर असतो, त्याचा त्याला पगार मिळतो. नदीच्या गेटवर वॉचमन नसतो. ग्रुपमधल्या कुणालातरी तो फुकटात व्हावं लागतं, आणि वर सगळ्यांचा मूड घालवला म्हणून शिव्या खाव्या लागतात. आमच्या ग्रुपमध्ये मला 'इन्स्पेक्टर' म्हणतात. म्हणू देत. शिव्या देणारे सगळे संध्याकाळी मोजून तेवढेच परत आले की माझं काम झालं.