पिकाचा विमा आहे, घराचे काय?



आपला बीड जिल्हा म्हणजे पावसासाठी देव पाण्यात घालून बसणारा. टँकरची वाट बघण्यात मायबहिणींची निम्मी उमर गेली. पण 2025 च्या सप्टेंबरात सगळे उलटेच झाले. सिंदफणा शिरूर कासारात शिरली. जायकवाडीतून पाणी सोडल्यावर गोदाकाठी गेवराई-माजलगावकडच्या गावांना वेढा पडला. उभी पिके तर गेलीच, पण कित्येकांच्या घरातले धान्य, अंथरूण-पांघरूणही भिजले.

"आम्ही विमा भरलाय की!" असे पुष्कळजण म्हणतात. खरे आहे, पण तो पिकाचा. पीकविम्यात घराच्या भिंतीचा एक दगडही धरलेला नसतो. सरकारी मदत मिळते, तिलाही माप आहे. 2022 ते 2026 या काळासाठी ठरलेल्या निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये होते. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. एवढ्यात एक भिंत तरी उभी राहते का, तुम्हीच सांगा.

म्हणून घराचा विमा वेगळा काढावा लागतो. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी आली आहे. त्यात पूर, वादळ, वीज, भूकंप, आग हे सगळे येते. रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. समजा, घर 500 चौरस फूट आणि बांधायला फुटाला 1,500 रुपये लागतात, तर विमा साडेसात लाखांचा. इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे दीड लाखाचे संरक्षण आपोआप मिळते. जनावरांचा विमा मात्र वेगळा.

घर मातीचे, कुडाचे किंवा पत्र्याचे असेल तर पैसे भरण्याआधीच विचारा, "साहेब, असले घर चालते का?" आणि उत्तर लिहून घ्या. तोंडी होकारावर पुढे भांडता येत नाही. पूर येऊन गेल्यावर काढलेला विमा त्या पुराला उपयोगी पडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता कुणी म्हणेल, तालुक्याला हेलपाटे कोण घालणार? अहो, घरात आजी-आजोबा आहेत ना! 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास राज्यभर मोफत आहे. कंडक्टरकडून शून्य रुपयाचे तिकीट मागून घ्यायचे. सोबत सून किंवा लेक असेल तर तिला मार्च 2023 पासून अर्धे तिकीट. घर बहुधा म्हाताऱ्यांच्याच नावावर असते, तेव्हा सहीसाठी त्यांनाच जावे लागते. देवदर्शनाला जाताना वाटेत हेही काम होऊन जाईल.

जाताना ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 चा उतारा, घरपट्टीची पावती, आधार आणि बँकेचे पासबुक न्या. सातबारा शेताचा असतो, घराला तो चालत नाही. घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. कागद पिशवीत घालून उंच जागी टांगा, पेटीत तळाला नको.

आणि देव न करो, पण पाणी शिरलेच तर चिखल उपसण्याआधी फोटो काढा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि विमा कंपनीला लगेच कळवा. दाव्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो.

पिकाचे नुकसान पुढचा हंगाम भरून काढील. पण घर आयुष्यात एकदाच बांधून होते, मंडळी. तेव्हा येत्या बाजारच्या दिवशी तालुक्याला जाल, तेव्हा एवढी चौकशी करूनच या.