पासवर्ड वहीत लिहून ठेवा

थुंकीचा नमुना एका नळीत भरून टपालाने पाठवायचा आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कुठले, दूरचे नातलग कोण, याचा अहवाल संगणकावर पाहायचा. अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीची ही सेवा लाखो लोकांनी घेतली. ऑक्टोबर २०२३मध्ये यातल्या बऱ्याच लोकांची माहिती इंटरनेटवर विक्रीला आल्याचे उघड झाले. हल्लेखोरांनी थेट उघडलेली खाती होती सुमारे १४ हजार. मात्र ज्यांचा डीएनए एकमेकांशी जुळतो अशा ग्राहकांना एकमेकांची माहिती पाहण्याची सोय तिथे होती. त्या वाटेने तब्बल ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कुणाचे नाव, कुणाचे जन्मवर्ष, कुणाचे राहण्याचे ठिकाण, कुणाचा वंश. ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विकायला ठेवल्या होत्या, यावरून विकणाऱ्यांची नजर कशावर होती ते कळते.

गंमत अशी, की १४ हजार खात्यांची कुलपे कुणी तोडलीच नव्हती. ती किल्लीने उघडली होती. दुसऱ्याच कुठल्या तरी संकेतस्थळावरून पूर्वी फुटलेले ईमेल आणि पासवर्ड हल्लेखोरांनी घेतले आणि इथे लावून पाहिले. बहुतेक लागले नाहीत, काही लागले. हे काम माणूस करत नाही, प्रोग्रॅम करतो, त्यामुळे हजारातून एखादा लागला तरी धंदा परवडतो. आपण घर, दुकान आणि लॉकर यांना एकच किल्ली ठेवली आणि तिची नक्कल वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, कधीकाळी एकदाच गेलेल्या लॉजवरही देऊन ठेवली, तर त्यातल्या सर्वांत गाफील माणसाइतकेच आपले घर सुरक्षित. दहा वर्षांपूर्वी कुठल्याशा स्पर्धेसाठी उघडलेले आणि विसरून गेलेले खाते म्हणजे तो लॉज.

पुढे ग्राहकांनी दावे लावले, तेव्हा कंपनीच्या वकिलांनी ग्राहकांवरच बोट ठेवले. तेच ते पासवर्ड वापरण्याचा निष्काळजीपणा तुमचा, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. तांत्रिकदृष्ट्या हे १४ हजार लोकांपुरते खरे आहे. उरलेल्या लाखो लोकांनी काय केले होते? त्यांचा पासवर्ड कितीही भक्कम असता तरी त्यांची माहिती एखाद्या चुलत-मावस नातलगाच्या खात्यातून गेलीच असती. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जून २०२५मध्ये कंपनीला २३ लाख पौंडांहून अधिक दंड केला. खाते उघडताना पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा सक्तीची नव्हती, हा त्यातला एक मुख्य आक्षेप. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही.

ग्राहकाला दोष देणे मला पटत नाही, याचे आणखी एक कारण आहे. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६मध्ये एका गाजलेल्या निबंधात मांडले होते, की माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी मनात धरू शकतो, दोन इकडे-तिकडे. नंतरच्या संशोधकांनी हा आकडा आणखी खाली आणला. पाठांतराने आपण खूप काही लक्षात ठेवतो हे खरे, पण पाठांतराला अर्थ, चाल, उजळणी लागते. बँक, वीजबिल, गॅस, रेल्वे, भविष्य निर्वाह निधी, मुलांची शाळा, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, किराणा अशी पन्नास खाती आणि प्रत्येकाला निराळा, अर्थहीन पासवर्ड! हे कुणाच्याही मेंदूला जमणारे नाही. म्हणून माणूस एकच पासवर्ड सगळीकडे लावतो. तो आळस नसून मेंदूने काढलेली वाट आहे.

ही वाट अधिक धोक्याची केली ती नियम करणाऱ्यांनी. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवेच आणि पासवर्ड ठरावीक मुदतीत बदलायचा, हे सगळ्यांना पाठ असलेले नियम जगभर पसरले त्यात अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेचा मोठा हात होता. तो भाग लिहिणारे बिल बर यांनी २०१७मध्ये, निवृत्तीनंतर, मुलाखतीत सांगून टाकले, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. हाताशी पुरेशी माहिती नव्हती आणि आधार घेतला तो ऐंशीच्या दशकातल्या एका जुन्या टिपणाचा. चूक इतक्या मोकळेपणाने कबूल करणारे तज्ज्ञ विरळाच.

मुदतीने पासवर्ड बदलण्याचा उपयोग किती, हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१०मध्ये तपासले होते. सक्तीने बदललेले हजारो खऱ्या खात्यांचे पासवर्ड त्यांनी अभ्यासले. जुना पासवर्ड हातात असेल, तर ४१ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड त्यांचा प्रोग्रॅम तीन सेकंदांत ओळखत होता. आश्चर्य नाही. ‘दिवाळी@२०२४’ लिहिणारा माणूस पुढल्या खेपेला काय लिहील, हे सांगायला संगणकही लागत नाही. २०१७मध्ये ‘निस्ट’नेच दोन्ही नियम मागे घेतले. फुटल्याचा संशय आल्याशिवाय पासवर्ड बदलायला लावू नका, अक्षर-आकडा-चिन्हांची सक्ती करू नका, मात्र फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा आणि त्यातला असेल तर नाकारा. आपल्याकडे कित्येक बँका आणि कार्यालये अजून २००३मध्येच आहेत. दर तीन महिन्यांनी तीच कवायत, आणि शेवटी पासवर्ड टेबलाच्या काचेखाली.

तेव्हा माझे म्हणणे असे, की पासवर्ड लक्षात ठेवण्याचा हट्ट सोडा. वहीत लिहा. ब्रूस श्नायर यांच्यासारखे सुरक्षातज्ज्ञ २००५पासून हाच सल्ला देत आले आहेत. दूरदेशी बसून लाखो खाती चाचपणाऱ्या प्रोग्रॅमला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही, आणि घरफोडी करणारा चोर सोने शोधतो. आजारपणात किंवा माणूस गेल्यावर घरच्यांना ही वही किती उपयोगी पडते, हे ज्यांच्यावर प्रसंग आला त्यांना विचारा. मात्र एटीएम आणि यूपीआयचा पिन त्यात नको, आणि वहीचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवणे तर अजिबात नको. घरातल्याच कुणाची भीती असेल त्यांच्यासाठीही वही योग्य नाही. त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा. तो खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ओळखतो, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर पासवर्ड आपसूक भरत नाही, हा त्याचा जास्तीचा फायदा. तोही अभेद्य नाही. २०२२मध्ये ‘लास्टपास’ या कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या होत्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा, त्यांना धोका अधिक.

लिहून ठेवायचेच असल्यावर पासवर्ड लांबलचक करायला काय हरकत? कीबोर्डवरची सगळी चिन्हे वापरून केलेल्या आठ अक्षरी पासवर्डाच्या जितक्या जुळण्या होतात, त्याच्या ६५ लाख पटींहून अधिक जुळण्या नुसत्या छोट्या रोमन अक्षरांच्या सोळा अक्षरी पासवर्डाच्या होतात. अट एकच, अक्षरे किंवा शब्द कुठलेही, असंबद्ध हवेत. उलथणे, टमटम, पारिजात, सातबारा असे चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडले तर उत्तम (हेच नकोत, ते आता छापून आले). म्हण, अभंगाची ओळ, देवाचे किंवा नातवाचे नाव नको.

सगळी खाती एका रविवारी बदलून होणार नाहीत. सुरुवात ईमेलपासून करा, कारण ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर टिचकी मारली, की बहुतेक खात्यांची नवी किल्ली तिथेच येते. ईमेलला दुसरी खातरजमा चालू करा, पासकीची सोय असेल तर तीच घ्या. मग बँक, मग व्हॉट्सअॅपचा सहा आकडी पिन. ‘चुकून तुमच्या नंबरवर माझा कोड आला, जरा पाठवता का?’ असा ओळखीच्या माणसाचा मेसेज आला, तर त्याचे खाते आधीच गेले आहे असे समजा. त्याला फोन करा, कोड पाठवू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३०वर कळवा.

वहीत खाते आणि पासवर्ड यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा. या खात्याला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे? बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि तुमच्या जुन्या खात्यांचे ओटीपीही त्याच्याकडे जाऊ शकतात. सिमकार्ड सोडून देण्याआधी तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि प्रत्येक ठिकाणी नंबर बदलून घ्यायचा.